चेंबरमध्ये राहिलेले काडतूस

निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली की बेळगावातील परवानाधारक शस्त्रविक्रेत्यांकडे हत्यारे जमा करणाऱ्यांची रीघ लागते. पलटणीच्या कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, नोकरी करून निवृत्त झाल्यापासून मी अशाच एका दुकानात दुरुस्तीचे आणि जमा हत्यारांच्या नोंदवहीचे काम पाहतो. खानापूर, जांबोटीकडचे शेतकरी रानडुकरांपासून पिके राखण्यासाठी घेतलेल्या एकनळी-दुनळी बंदुका पोत्यात गुंडाळून आणतात, तर पेठेतले व्यापारी .३२ बोअरची जुनी रिव्हॉल्व्हरे घेऊन येतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी एका दुपारी निपाणी भागातील एक तंबाखू व्यापारी आले आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक नवेकोरे, काळेभोर, तळहाताएवढे पिस्तूल काढून काउंटरवर ठेवले. ठेवताना नळीचे तोंड माझ्या पोटाकडे होते.

"मेजर, रिकामंच हाय ते. मॅगझिन खिशात हाय बघा माझ्या," ते म्हणाले.

मी पिस्तूल उचलून नळी कोपऱ्यातल्या वाळूच्या पेटीकडे वळवली, ट्रिगरपासून बोट दूर ठेवून स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे खेचली, आणि चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या काडतुसाच्या जागेतून, पिवळेधमक काडतूस उडून नोंदवहीवर पडले. ते व्यापारी सावकार मटकन स्टुलावर बसले. दुकानातली इतर गिऱ्हाईकेही गप्प झाली.

त्यांना पाणी दिले, पावतीचे काम थांबवले आणि हे कसे झाले असावे ते त्यांच्याकडूनच समजून घेतले. काही दिवसांपूर्वी त्यांनी मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची पेटी, भरून स्लाइड ओढली होती. त्या क्षणी वरचे काडतूस चेंबरमध्ये गेले. पुढे केव्हातरी त्यांनी मॅगझिन काढून घेतले आणि पिस्तूल रिकामे झाले असे धरून चालले. स्लाइड पुन्हा ओढून पाहायला हवी होती. पण त्यांची बोटे सांधेदुखीने आखडलेली, आणि या पिस्तुलाची स्प्रिंग विलक्षण कडक. .३२ ची बहुतेक छोटी पिस्तुले साध्या ब्लोबॅक पद्धतीची असतात. गोळी सुटताना नळीचा मागचा भाग कोणत्याही कुलपाने नव्हे, तर केवळ स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा जोर यांनी बंद राहतो, म्हणून पिस्तूल जितके लहान, तितकी स्प्रिंग ताठ ठेवावी लागते. ज्यांच्या मनगटात जोर उरलेला नाही, असेच लोक बहुधा हे हलके हत्यार पसंत करतात, आणि त्यांनाच ते उघडून पाहणे सर्वांत जड जाते, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते.

त्यानंतर मी ते पिस्तूल निवांतपणे न्याहाळले. सैन्यात आम्ही वापरलेले ईशापूरच्या कारखान्यातले ९ एमएम पिस्तूल अखंड पोलादाचे, रिकामे असतानाही सुमारे ९०० ग्रॅमचे. हे त्याच्या निम्म्याच्या आसपास भरले. स्लाइड आणि नळी पोलादाचीच होती, पण खालचा सांगाडा पॉलिमरचा, म्हणजे चिवट प्लास्टिकचा. स्लाइड सरकते त्या जागी पोलादी पट्ट्या बसवलेल्या होत्या आणि सांगाड्यात रुतवलेल्या एका लहान धातूच्या पट्टीवर क्रमांक कोरलेला होता; तोच परवान्याशी ताडून पाहावा लागतो. मुठीवरचा खरबरीत पोत घामट हातालाही चांगली पकड देईल असा होता. करंगळीला मात्र मुठीवर जागा नव्हती. मॅगझिन नसताना सगळा भार वर, स्लाइडकडे जातो आणि हातात एखादे खेळणे धरल्यासारखे वाटते. घडण उत्तम होती, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. ट्रिगरमध्ये बसवलेली सुरक्षा-पट्टी आणि काडतुसावर आदळून ते उडवणारी फायरिंग पिन अडवणारा आतला खटका यांमुळे पिस्तूल हातातून पडले तरी सहसा उडत नाही. परंतु ट्रिगर पूर्ण दाबला गेला तर त्याला अडवणारे काहीही नसते, मग तो बोटाने दाबला जावो किंवा खिशातल्या किल्ल्यांनी.

या जातीची पिस्तुले काही आजची नाहीत. हेकलर अँड कोखचे पॉलिमरच्या सांगाड्याचे व्हीपी७० १९७० मध्येच आले, ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये ग्लॉक स्वीकारले, आणि २०१८ च्या सिग सॉअर पी३६५ ने एवढ्याशा अंगात ९ एमएमची दहा काडतुसे बसवून दाखवल्यावर परदेशात लहान पिस्तुलांची स्पर्धाच लागली. ९ एमएम आपल्याकडे सामान्य नागरिकाला निषिद्ध असल्याने, येथे तोच घाट ब्राउनिंगने १८९९ च्या सुमारास आखलेल्या .३२ च्या काडतुसासाठी उतरवला जातो.

मला जो फरक खुपतो, तो मात्र वजनापलीकडचा आहे. रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर बाहेर काढले की काडतुसांचे पितळी बूड समोर दिसते; अडाणी माणसालाही भरलेले आणि रिकामे ओळखता येते. या पिस्तुलात चेंबर भरल्याची खूण म्हणून कडेला एक बारीक खाच होती, आणि ती मलाही चष्मा लावूनच दिसली. ग्लॉकसारख्या काही बनावटींत तर साफसफाईसाठी स्लाइड उतरवण्याआधी ट्रिगर दाबावाच लागतो. "रविवारी घरी पुसायला काढणार होतो," असे सावकार बोलून गेले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण घरात नातवंडे होती.

होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचे म्यान, त्यांनी घेतलेच नव्हते. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेले असावे लागते. नुसते सदऱ्याच्या खिशात टाकणे म्हणजे झाकणे नव्हे, ट्रिगरभोवतीची कडी ताठ आवरणात बंद राहिली पाहिजे. मी परवाना उघडून क्षेत्राचा रकाना दाखवला. त्यात फक्त कर्नाटक लिहिलेले होते, आणि हे गृहस्थ वसुलीसाठी आठवड्यातून एकदा कागलमार्गे कोल्हापूरला जात.

"खिशात हाय हेच ध्यानात राहत न्हाई हो," ते म्हणाले. मला ते शंभर टक्के खरे वाटले. आमच्या सीमाभागात सोयरीक, बाजार, दवाखाना सगळे दोन्हीकडे असते. कंबरेला किलोभर पोलाद लटकत असले की माणसाला त्याचे भान राहते, अर्ध्या किलोचे पॉलिमर घेऊन तो नकळत राज्य ओलांडतो आणि परवाना असूनही गुन्हेगार ठरतो. चोर्ला घाटाने गोव्याला जाणाऱ्यांचेही तेच.

"सावकार, पावती मी लिहितो, पण त्याआधी हे तुम्ही स्वतः उघडायचे," असे मी त्यांना सांगितले. मूठ शरीराजवळ घेऊन, नळी वाळूकडे ठेवून, स्लाइड पंज्याने वरून घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताने सांगाडा पुढे ढकलायचा, ही रीत त्यांना दाखवली. आखडलेल्या बोटांनाही ती जमते. मॅगझिन आधी, चेंबर नंतर, आणि शेवटी करंगळी आत घालून चाचपणे, हा क्रम त्यांच्याकडून बिनचूक होईपर्यंत करून घेतला.

तेव्हापासून पॉलिमरचे पिस्तूल कोणीही आणले, तरी धन्याने ते माझ्यासमोर वाळूच्या पेटीपाशी स्वतः उघडून, स्लाइड मागे अडकवून दाखवल्याशिवाय मी जमा करून घेत नाही आणि निकालानंतर परतही देत नाही. दुकानाच्या मालकांनी हा नियम मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत लिहून भिंतीवर लावला आहे.