गोठ्याच्या भिंतीवरच्या दोन रेघा

२०२५च्या मे महिन्यातली गोष्ट. कोल्हापुरात पंचगंगेकाठी संग्रहालय आणि नाट्यगृह असं एकत्र संकुल उभारायचं होतं, त्याचा कच्चा आराखडा घेऊन मी जागेवर गेले होते. जागा निळ्या, म्हणजे नेहमीच्या पुराच्या रेषेबाहेर, पण लाल, म्हणजे मोठ्या पुराच्या रेषेच्या आत. आराखड्यात भराव घालून जोतं उंच घेतलं होतं, नदीकडे तोंड करून रंगमंच होता, आणि पाहणाऱ्यांना त्रास नको म्हणून वस्तूंचं भांडार तळघरात.

शेजारच्या मळ्यातले काका येऊन कागदावर वाकले. "ताई, हे खाली काय काढलंय?"

"भांडार. जुन्या वस्तू ठेवायला."

काही न बोलता ते मला गोठ्याकडे घेऊन गेले. भिंतीवर चुन्याच्या दोन रेघा, जवळजवळ चिकटलेल्या. "ही २०१९ची, ती २०२१ची." दोन्ही माझ्या डोक्याच्या वर. दगडांच्या सांध्यात गाळ अजून होता, नखानं खरवडला तर पीठ होऊन पडला.

आम्ही लेव्हल, म्हणजे उंची मोजायचं यंत्र लावलं, पट्टी रेघेशी धरली. पाणी जोत्याच्या साडेतीन फूट वर! राजाराम बंधाऱ्यावरची धोका पातळी ४३ फूट, हे आम्हा कोल्हापूरकरांना तोंडपाठ. पण ते फूट बंधाऱ्यावरच्या पट्टीचे. माझ्या जागेवर त्याचे किती होतात, हे मी मोजलंच नव्हतं. ही चूक मला फार लागली.

याच काठावर ब्रह्मपुरीच्या टेकडीत पोसायडन या समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती सापडली. आज ती टाऊन हॉल संग्रहालयात आहे. असं ब्राँझ ओलीत ठेवलं तर हिरवं पडून झिजत जातं. कापड आणि कागद तर एका पुरात संपतात. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेलं नाट्यगृह, आपलं केशवराव भोसले, ऑगस्ट २०२४मध्ये आगीत गेलं. ते दुःख ताजं असताना मी नवं नाट्यगृह पाण्याच्या तोंडी द्यायला निघाले होते.

रात्री बसून सगळं उलटं केलं. तळघर रद्द, भांडार आणि विजेचे पॅनेल सगळ्यात वर. खाली मोकळे खांब, आणि बसायला घाटासारख्या काळ्या दगडाच्या पायऱ्या, पूर ओसरला की धुऊन घेता येतील अशा.

नवा कागद दाखवायला गेले, तर काकांनी भरावावर बोट ठेवलं. "हितनं पाणी जातंय बघा. अडवलं तर आमच्या गोठ्यात शिरंल."

तिथंच उभ्या उभ्या मी भरावावर काट मारली.