हमी पोकळी आहे

परवा दुपारी पाणी तापवायची नवी किटली आली. खोक्याच्या तळाशी घडीचा कागद होता आणि त्यावर चक्क मराठी. किटली तशीच ठेवून मी आधी कागद उघडला. 'मुलांपासून दूर राहा.' बरं, राहतो. 'शरीर पाण्यात बुडवू नका.' इथं जरा थबकलो, कारण आंघोळ व्हायची होती. मग कळलं, बॉडी किटलीची. पण पुढची सूचना काही सुटेना : 'सील मोडल्यास हमी पोकळी आहे.'

कागद घेऊन मी पाचेक मिनिटं ओट्याशी उभा. "चहा करतोयस की कादंबरी वाचतोयस?" असं बायकोनं विचारलं आणि त्याच क्षणी माझी ट्यूब पेटली. वॉरंटी व्हॉइड! व्हॉइड म्हणजे पोकळी! मी ओरडलो, "चिंचपोकळी!"

तिला काही कळलं नाही. ती नागपूरची आहे, तिचा दोष नाही.

चिंचपोकळी म्हणजे 'टॅमरिंड व्हॅक्यूम'. हे आमच्या काकांचं. काका बदलापूरला राहायचे आणि फोर्टातल्या कचेरीत रोज कर्जत लोकलनं जा-ये करायचे. मे महिना लागला की दादरहून आम्हा पोरांना घेऊन जायला तेच यायचे. लोकलमधे खिडकीवरून मारामाऱ्या होत, म्हणून त्यांनी हा खेळ काढला असावा. ते स्टेशनाचं नाव इंग्रजीत फोडून सांगायचे, आपण स्टेशन ओळखायचं. बरोबर आलं की लिमलेटची गोळी. गोळ्या त्यांच्या सदऱ्याच्या खिशात, पासाच्या पाकिटामागे असत. कुर्ला येईपर्यंत उकाड्यानं कागद गोळीला असा चिकटायचा की कागदासकटच चोखावी लागे.

'माउंटन एल्बो'? घाटकोपर. 'प्लीज इन्फॉर्म'? कळवा. 'लॅम्प'? दिवा, हे अगदी लहानांसाठी. 'इन डेट' म्हणजे कर्जत. या 'डेट'मधला बी लिहायचा पण म्हणायचा नाही, हे मला शाळेनं नाही, कर्जतनं शिकवलं. अडलो की काका फार वेळ देत नसत. हात झटकून म्हणायचे, "पुढचं घे."

नियम कडक होते. काना-मात्रा माफ, म्हणून कर्जत चालायचं. पण पूर्ण नाव खर्ची पडलं पाहिजे, एकही अक्षर उरता कामा नये. वेस्टर्नची स्टेशनं पाहुण्यांसारखी अधूनमधून यायची. पालघरचं 'लिझर्ड हाउस' आणि दहिसरचं 'कर्ड सर' निर्विवाद. नायगावचं 'नो व्हिलेज' मात्र माझ्या चुलतभावानं काढलं आणि त्यावर मुलुंडपासून ठाण्यापर्यंत भांडण झालं, 'नाय' हा शब्द धरायचा की नाही. काकांनी धरला नाही. चुलतभाऊ आज पन्नाशीला आलाय, अजून धरतो.

आणखी एक अलिखित नियम होता. तो मला मोठेपणी उमगला. फोड खोटी असावी लागते. दादर म्हणजे 'स्टेअरकेस' म्हटलं तर काका नाक मुरडत, कारण दादर म्हणजे खरोखरच जिना. सायनचं तेच. ती शीव, म्हणजे वेस, मुंबई बेटाची हद्द. चर्नी रोडच्या नावात गुरं चरायचं कुरण आहे. चर्चगेटला आज गेट नाही, पण एके काळी फोर्टाच्या तटाला तिथं खरंच दरवाजा होता. तो चर्चकडे उघडायचा, आणि १८६०च्या दशकात तटाबरोबर तोही गेला. ही सगळी माहिती छान आहे, पण कोडं म्हणून शून्य. खरा अर्थ निघाला की हसू जातं. पालघरात पाल नाही, म्हणून तर मजा.

म्हणींचा प्रकार मला कधीच आवडला नाही. 'डान्स नॉट कमिंग, कोर्टयार्ड क्रुकेड' हे कॉलेजात कोणीही करायचं. 'कोर्टयार्ड' ऐकलं की अंगण दिसतं आणि संपलं, त्यात डोकं कसलं? 'आय वेंट अप्लाइंग ऑइल' एकदा हसवतं. दुसऱ्यांदा म्हणणाऱ्याला मी त्याच वाटेनं पाठवतो.

शाळेत हाच खेळ उलटा चालायचा. नेकटायला कंठलंगोट. सिग्नलला अग्निरथ-गमनागमन-सूचक अशी काहीतरी ताम्रपट्टिका, जी म्हणून संपेपर्यंत गाडी निघून जावी. ही पोरांची टवाळी. पण मोठी माणसं हेच काम गंभीरपणे, सरकारी टेबलावर बसून करत होती. हुद्द्यांचे मराठी प्रतिशब्द देणारा पदनाम कोश निघाला तेव्हा अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटलं होतं. कोशातले कित्येक शब्द मात्र पुढं निमूट रुळले. आयुक्त म्हणताना आज कोणाची जीभ अडखळते? आणि हनिमूनचा मधुचंद्र कोणी केला कोण जाणे! हनीला मध, मूनला चंद्र. इतकं सोपं कोडं काकांनी पहिल्या फेरीतच बाद केलं असतं. पण भाषेनं ते ठेवून घेतलं. आता त्यात मधही दिसत नाही आणि चंद्रही नाही, दिसतं ते महाबळेश्वरचं हॉटेल. किटलीचा कागद लिहिणारं यंत्र त्याच जातीचं. फक्त आपण खेळतोय हे त्याला माहीत नाही. उद्या 'हमी पोकळी' रुळली तर मी कोणाला दोष देऊ?

काकांचं हुकमाचं पान बदलापूर. तिथं घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, असं सांगतात. काकांच्या फोडीत 'रिव्हेंज फ्लड'. बदला आणि पूर, एकही अक्षर शिल्लक नाही, काना-मात्रासुद्धा माफ करावी लागत नाही. अंबरनाथ सुटलं की आम्ही सगळे एका सुरात ओरडायचो आणि पिशव्या उचलायचो.

२६ जुलै २००५ला उल्हास नदी काकांच्या तळमजल्यात शिरली. पाणी स्विचबोर्डापर्यंत गेलं. लोणच्याच्या बरण्या तरंगत होत्या, असं काकू सांगायच्या. काका त्याबद्दल काही सांगायचे नाहीत. पुढं २०१९च्या जुलैत, पुन्हा त्याच २६ तारखेच्या रात्री सुटलेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पुरात अडकली. हजारावर प्रवासी होते, दुसऱ्या दिवशी ते सगळे सुखरूप बाहेर काढले. मी टीव्हीसमोर होतो, तपकिरी पाण्यात उभे असलेले डबे दाखवत होते. आणि मला २००६चा मे आठवत होता.

तेव्हा लोकलमधे आमची पुढची पिढी होती. खिडकीवरून मारामारी तीच, गोळ्या त्याच, काका मात्र जरा वाकलेले. अंबरनाथ सुटलं. चुलतभावाचा सात वर्षांचा मुलगा, ज्याला हा खेळ आम्हीच शिकवला होता, सीटवर उभा राहून म्हणाला, "आजोबा, आता मी घालतो हं कोडं. रिव्हेंज फ्लड!"

कोणीच ओरडलं नाही. माझा हात पिशवीकडे गेला होता, तो तसाच राहिला. काका खिडकीबाहेर बघत होते.

"पुढचं घे," ते म्हणाले.

पोरगं गोंधळलं. आम्हाला उतरायचं बदलापूरलाच होतं, पुढचं कशाला? बोटावर मोजत ते पुटपुटलं, "पुढचं वांगणी... वांगं... ब्रिंजल?"

'णी' उरत होता. काकांनी खिशातून गोळी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.