यॉर्कशायर म्हणून आणलेली पाच डुकरं

दोडामार्ग तालुक्यात, गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या एका काजूच्या बागायतीत नवीन आणलेली डुकरं तपासायला गेलो होतो. बोलावणं लसीसाठी होतं, पण मालकांच्या मनात दुसराच प्रश्न होता. दलालाने पाचही जनावरं 'शुद्ध लार्ज व्हाइट यॉर्कशायर' सांगून विकली होती, आणि त्यातलं एक चक्क काळं होतं.

"शुद्ध म्हणान दिल्यान, डॉक्टरांनू. काळो रंग वाढताना जाता म्हणालो."

काळा रंग वाढताना जात नाही. जातात ते रानडुकराच्या पिल्लांच्या अंगावरचे पट्टे, तेही पहिल्या काही महिन्यांत.

पाच जनावरांमध्ये एक मोठी पांढरी गाभण मादी होती, दोन पांढऱ्या तरण्या माद्या, एक पांढरा नर, आणि ही काळी, खांद्यावरून पुढच्या पायांपर्यंत पांढरा पट्टा उतरलेली. जातीचं नाव कळून करायचं काय, असा मालकांच्या मुलाचा सूर होता. करायचं बरंच असतं. यॉर्कशायर रक्ताचं जनावर नव्वद किलोपर्यंत नेणं परवडतं. गावठी रक्ताचं जनावर लहान वयातच चरबी धरतं, मग पुढचं खाद्य मांसात न जाता पाठीवरच्या थरात जातं. पांढऱ्या कातडीला कोकणातलं ऊन भाजतं, काळीला तेवढं नाही. शिवाय नर ठेवायचा की खच्ची करायचा, हेही त्याच्या आईबापांवरच ठरतं.

आधी जनावरांच्या अंगाला हात लावायचा नाही. खाद्य टाकून लांब उभं राहायचं आणि कान बघायचे. घाबरलेलं डुक्कर कान मागे घेतं किंवा ताठ करतं, मग त्यावरून काही ठरत नाही. यॉर्कशायरचे कान उभे, थोडे पुढे झुकलेले असतात. तोंड मध्ये खोलगट, मुस्कट किंचित वर उचललेलं. लँडरेस या दुसऱ्या पांढऱ्या विलायती जातीचे कान मोठे, डोळ्यांवर पडलेले, मुस्कट लांब आणि सरळ. दोघांच्या संकरात कान धड उभे नाहीत, धड पडलेले नाहीत, आडवे पुढे येतात. गावठी डुकराचे कान लहान आणि ताठ, मुस्कट निमुळतं, पाठीच्या कण्यावर राठ केसांची रांग. लोक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून जात विचारतात तेव्हा फोटो नेहमी वरून काढलेला असतो, आणि वरून प्रत्येक डुक्कर आखूड व जाडं दिसतं. फोटो जनावराच्या गुडघ्याच्या उंचीवरून, बाजूने आणि समोरून काढावा.

या शेडमध्ये नर आणि एक तरणी मादी यांचे कान आडवे होते. दुसऱ्या तरणीचे लहान, उभे. गाभण मादीचे कान पार डोळ्यांवर उतरलेले, अंग लांबलचक. चित्रातली लँडरेसच म्हणा.

रंगावर सर्वांत कमी विसंबावं. पांढरा रंग इतर रंगांवर मात करतो. शुद्ध यॉर्कशायर नर आणि काळीकुट्ट गावठी मादी यांची पिल्लं बहुतेक पांढरीच निघतात. फार तर कातडीवर निळसर-करडे डाग. म्हणून 'पांढरं ते यॉर्कशायर' हा हिशेब दलालाच्या सोयीचा आहे. उलट बाजूही लक्षात ठेवावी: शुद्ध यॉर्कशायरच्या कातडीवरही क्वचित काळे ठिपके असतात, तेवढ्यावरून जनावर बाद करू नये. लहान तरणीच्या पुठ्ठ्यावर मात्र हाताएवढे निळसर डाग होते, आणि कण्यावर राठ केस.

मग पकडणं. दोरी घेऊन शेडभर धावाधाव केली की जनावर उन्हाळ्यात धापा टाकून आडवं पडू शकतं. एका फळीने कोपऱ्यात दाबायचं आणि वरच्या जबड्यात, सुळ्यांच्या मागे फास अडकवायचा. फास नाकाच्या टोकाला लागला तर निसटतो. त्यात ते कानठळ्या बसतील असं ओरडतं, पण फास ताणून धरला की मागे जोर लावून एका जागी उभं राहतं. तेवढ्यात मापं घ्यायची. गाभण मादीला मात्र फास लावला नाही; तिची पाहणी खाताना आणि आडवी झाल्यावर केली.

वजनकाटा नसेल तर शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर, आणि दोन कानांच्या मधोमधपासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 14,400, उत्तर किलोत. डोकं खाली गेलं की लांबी वाढते, म्हणून मान सरळ असताना मोजावं. नर: घेर 84, लांबी 92, म्हणजे 45 किलो. आडव्या कानांची तरणी 41 किलो. निळसर डागांची तरणी: घेर 66, लांबी 72, म्हणजे 22 किलोच्या आसपास.

या 22 किलोवाल्या मादीचं वय दलालाने चार महिने सांगितलं होतं. घरगुती खाद्यावर चार महिन्यांत 22 किलो ऐकायला ठीक वाटतं, म्हणून तिचं तोंड उघडलं. डुकराचं पिल्लू जन्मतःच आठ टोकदार दात घेऊन येतं, दुधाचे सुळे आणि कडेच्या पटाशी. कडेच्या पटाशी पडून कायमच्या येतात त्या साधारण आठ ते दहा महिन्यांत. मधल्या पटाशी वर्षाच्या आसपास बदलतात, आणि या दोहोंमधल्या सर्वांत उशिरा, सोळा ते वीस महिन्यांत. हिच्या कडेच्या पटाशी कायमच्या होत्या. म्हणजे वय चार नव्हे, नऊ महिन्यांच्या आसपास. नऊ महिन्यांचं यॉर्कशायर 22 किलोचं नसतं.

यालाही एक पळवाट आहे. जंत, खरूज आणि उपासमार यांनी चांगल्या जातीचं जनावरही खुरटतं. पण खुरटलेल्या यॉर्कशायरचा सांगाडा लांबच राहतो, डोकं अंगाच्या मानाने मोठं दिसतं, बरगड्या निघतात. ही मादी लहान होती, तरी प्रमाणबद्ध आणि भरलेली. सड मोजले: एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला पाच. यॉर्कशायर-लँडरेसमध्ये सात-सात अपेक्षित असतात, गावठीत पाच-सहा जोड्या. सड मोजताना बोटाने चाचपावेत. काही आत ओढलेले असतात. ते नुसत्या मोजणीत धरले जातात आणि पुढे पिल्लं उपाशी राहतात. कान, मुस्कट, केस, सड, दात आणि वजन ही सगळी एकाच दिशेला बोट दाखवत होती: पांढरा बाप, गावठी आई, किंवा त्याच्याही पुढची पिढी.

नराच्या कानावर हात फिरवताना खाचा लागल्या. कुत्र्याने फाडलेल्या कानाची कड वेडीवाकडी असते. या स्वच्छ, त्रिकोणी होत्या. नोंदवही ठेवणाऱ्या फार्मवर पिल्लाच्या कानाला अशा खाचा पाडतात. सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत उजव्या कानावर वेताचा क्रमांक आणि डाव्यावर त्या वेतातल्या पिल्लाचा. उजव्या कानाच्या खालच्या कडेला टोकाजवळची खाच म्हणजे 1, त्याच कडेला डोक्याजवळची 3. वरच्या कडेला डोक्याजवळची 9, टोकाजवळची 27. थेट टोकावरची 81. सगळ्यांची बेरीज करायची. उजवा म्हणजे जनावराचा उजवा. समोर उभं राहून वाचणारे इथे हमखास उलटं वाचतात.

नराच्या उजव्या कानावर डोक्याजवळ वर एक, खाली एक, आणि खालच्या कडेला टोकाजवळ दोन: 9, 3, 1, 1, म्हणजे वेत 14. डावीकडे 2. मग 41 किलोच्या मादीचा कान धुतला, कारण चिखलाने खाचा भरल्या होत्या. उजवीकडे हुबेहूब तेच, 14. डावीकडे 7.

ही जोडी दलालाने 'दोन वेगळ्या फार्मवरची, पैदाशीसाठी' म्हणून जास्त पैसे घेऊन दिली होती. खाचांचे क्रमांक दरवर्षी पुन्हा सुरू होऊ शकतात, त्यामुळे दोघांचे दात ताडून पाहिले. दोघांच्याही सगळ्या पटाशी दुधाच्या, पहिली कायमची दाढ नुकती वर आलेली. दोघंही पाच-सहा महिन्यांची. कान, मुस्कट, सात-सात सड, सगळं सारखं. सख्खी भावंडं. जातीने पाहिलं तर पाचांत हीच दोघं सर्वांत चांगली, यॉर्कशायर-लँडरेस संकर. पण एकमेकांशी लावली असती तर पहिल्याच वेतात पिल्लं कमी, कमजोर, एखाद्याला हर्निया किंवा गुदद्वारच नाही, असं निघण्याचा धोका वाढला असता. "काका, हा नर या मादीला लावायचा नाही," एवढं तिथल्या तिथे सांगितलं.

काळ्या मादीबद्दल आता मालकांचा अंदाज होता की ती गोव्याची आगोंद असावी. आगोंद गोवन ही कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे नोंद झालेली देशी जात आहे आणि ती मुख्यतः काळीच असते. पण खांद्यावरून खाली उतरणारा सलग पांढरा पट्टा हॅम्पशायर या काळ्या विलायती जातीची खूण आहे. बर्कशायरही काळं, पण त्याचा पांढरा रंग चार पाय, नाक आणि शेपटीचं टोक एवढ्यावरच. हॅम्पशायरचा पट्टा संकरातही उतरतो, म्हणून पट्टा दिसला की शुद्ध हॅम्पशायर असंही नाही. हिचा पट्टा एका बाजूला तुटलेला होता आणि सड सहा-सहा. कागदावर 'हॅम्पशायर संकर' लिहिलं, टक्केवारी लिहिली नाही. वंशावळ नसताना टक्केवारी सांगणारा माणूस अंदाजच सांगत असतो.

जातीच्या चर्चेत मागे पडू नये असं एक काम होतं. पाचही जनावरं आल्या दिवशीच घरच्या जुन्या डुकरांच्या शेजारच्या खणात, सामाईक गव्हाणीवर बांधली होती. नव्या जनावरांना किमान 30 दिवस लांब ठेवावं, वेगळी बादली, वेगळ्या चपला, आणि आधी जुन्यांचं काम, मग नव्यांचं. आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा साथीचा रोग 2020 मध्ये ईशान्य भारतात आला, 2022 मध्ये केरळात वायनाडपर्यंत पोहोचला. त्यावर आपल्याकडे लस नाही. गोव्याच्या हॉटेलांतलं उरलेलं अन्न द्यायचं तर ते ढवळत 90 अंशांवर तासभर शिजवलेलं हवं, नुसतं कोमट करून चालत नाही. क्लासिकल स्वाइन फीवर, जुन्या लोकांचा हॉग कॉलरा, याची लस चौघांना दिली. गाभण मादीला तेव्हा दिली नाही. कानांच्या आत खरजेच्या खपल्या होत्या, म्हणून आयव्हरमेक्टिन: किलोला 300 मायक्रोग्रॅम, म्हणजे एक टक्क्याचं औषध 22 किलोच्या मादीला 0.66 मिली. 'यॉर्कशायर आहे, पन्नास किलोची असेल' अशा नजरेच्या अंदाजाने दुपटीहून जास्त गेलं असतं.

गाभण मादीचं खरं रूप सुमारे सहा आठवड्यांनी, ती व्यायली तेव्हा उघड झालं. पडलेले कान, लांब अंग, सात-सात सड. पाचांत सर्वांत शुद्ध दिसणारी तीच होती. नऊ पिल्लं जगली: पाच पांढरी, दोन पूर्ण काळी, दोन काळी पण पट्टेवाली.

शुद्ध पांढऱ्या मादीला पांढऱ्या रंगाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, त्यातली एक प्रत्येक पिल्लाला मिळते, म्हणून नर कोणताही असो, एकही पिल्लू काळं निघू नये. काळं पिल्लू निघायला आईकडूनही 'पांढरं नसलेली' प्रत यावी लागते. म्हणजे पांढऱ्या कातडीखाली ही मादी काळ्या रक्ताची वाहक होती. बापाचाही अंदाज लागतो. पांढरा रंग आणि हॅम्पशायरचा पट्टा हे दोन्ही किट नावाच्या जनुकाशी जोडलेले आहेत. एकाच वेतात पूर्ण काळी आणि पट्टेवाली निघाली, म्हणजे नराकडे पट्ट्याची एकच प्रत होती. पट्टेवाला असला तरी शुद्ध हॅम्पशायर नव्हता. सगळं वेत पांढरं निघालं असतं तर मात्र काहीच सिद्ध झालं नसतं, कारण नर शुद्ध पांढरा असू शकला असता.

तिची लांबी, दूध आणि शांत स्वभाव पाहता तिला ठेवणं योग्यच होतं, फक्त तिची पिल्लं 'शुद्ध' म्हणून विकायची नाहीत. पिल्लांना तिसऱ्या दिवशी 200 मिलिग्रॅम लोह टोचलं. वेत 14 चा नर त्याआधीच खच्ची करून मांसासाठी वाढवायला घेतला होता. त्याच्या बहिणीसाठी नोंदी ठेवणाऱ्या फार्मवरून, कानाच्या खाचा वाचून, वेगळ्या वेतातला यॉर्कशायर नर आणायचं ठरलं. निळसर डागांची 22 किलोची मादी नव्वद किलोची वाट न पाहता साठच्या आतच विकावी असं सांगितलं, आणि तोवर तिला मका-पेंड कमी करून हिरवा पाला वाढवला.