नाशिकच्या वहीत सापडलेली दुसरी शाखा

घराण्याची वंशावळ नीट लिहून काढायचं मनावर घेतलं, तेव्हा हाताशी आजोबांपर्यंतची नावं, शेताचा सातबारा आणि आत्याची आठवण एवढंच होतं. आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं. भाऊबंदांपैकी आता तिथे कुणी राहत नाही. महसुली कागदांवरून मागे जाता येतं, पण त्या कागदांत जमिनीला ज्यांचं नाव लागलं तेच सापडतात. ज्याने गाव सोडलं, हिस्सा सोडला, तो एखाद्या फेरफारानंतर, म्हणजे जमिनीवरच्या नावातल्या बदलाच्या नोंदीनंतर, कागदावरून नाहीसा होतो. तीर्थक्षेत्री विधी करणारे आणि यात्रेकरूंच्या घराण्यांची नावं वहीत लिहून ठेवणारे ते तीर्थोपाध्याय; त्यांच्या वह्यांचं मोल मला इथेच वाटतं. माणूस पोटासाठी कुठेही गेलेला असो, वडिलांच्या अस्थी घेऊन नाशिकला गोदावरीच्या रामकुंडावर आला की मूळ गावाचं नाव सांगतो आणि घराण्याच्या उपाध्यांकडेच जातो. त्यामुळे गेलेल्यांची नोंदही राहिलेल्यांच्या शेजारी होते. आमची दुसरी शाखा मला अशीच सापडली. ती कशी सापडली आणि तुम्ही जाणार असाल तर काय बरोबर न्यावं, हे सविस्तर लिहिते.

निघण्याआधीची तयारी सगळ्यात महत्त्वाची आणि ती मी एकटीने केलेली नाही. वंशावळी लावायचा ध्यास घेतलेली बरीच माणसं नेटवर एकमेकांना मदत करत असतात. बेळगावचे एक निवृत्त शिक्षक जुनी मोडी लिपी वाचून देतात, पुण्याच्या एक बाई स्वतःच्या घराण्यासाठी कितीतरी दप्तरं धुंडाळून बसल्या आहेत. मी आजोबांपर्यंतची नावं पाठवली, तर बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो आजोबांच्या भावांचा. वहीत नोंद शोधताना सरळ रेषेतली नावं पुरत नाहीत. अस्थी घेऊन कधी थोरला भाऊ गेलेला असतो, कधी पुतण्या, कधी चुलतभाऊ. म्हणून आजोबांचे भाऊ, पणजोबांचे भाऊ, निपुत्रिक गेलेले, दत्तक गेलेले अशी आडवी नावं जमवा. आत्याकडे बसून मी ती लिहून घेतली. तिला पणजोबांचे चुलते आठवेनात, पण कोणाचं श्राद्ध कोणत्या तिथीला घालायचे हे धडाधड सांगता आलं आणि त्या तिथींचा पुढे उपयोग झाला.

शिक्षकांचा प्रश्न वेगळा होता: गाव पूर्वी कोणत्या परगण्यात, कोणत्या तर्फेत, म्हणजे कोणत्या जुन्या महसुली विभागात? आजचा तालुका सांगून जुन्या वहीत गाव सापडेलच असं नाही. एकाच नावाची गावं दोन-तीन तालुक्यांत असतात, त्यामुळे शेजारच्या मोठ्या गावाचं किंवा नदीचं नावही लिहून न्या. आडनावाचंही तसंच. कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही वतनावरून पडलेली नावं आहेत. वतनाआधीचं किंवा घरात अजून चालणारं दुसरं आडनाव असेल तर तेही विचारून घ्या. कुलदैवत आणि गोत्र किंवा देवक कागदावर असू द्या. एकाच गावात एकाच आडनावाची दोन घराणी निघाली की निवाडा करायला तेच कामी येतं.

आत्या आणि मी नाशिकला गेलो. नाशिकरोड स्टेशनापासून पंचवटी दहाएक किलोमीटर आहे, बस आणि रिक्षा भरपूर. मुक्काम पंचवटीतच करा म्हणजे सकाळी चालत जाता येतं. रामकुंडावर सकाळी विधींची धांदल असते. त्या वेळी वहीची गोष्ट काढणं गुरुजींच्या दृष्टीनेही बरं नाही आणि समोर दुःखात बसलेल्या कुटुंबाच्या दृष्टीनेही नाही. दुपारनंतर त्यांच्या घरी जायचं ठरवावं, आधी फोन करून. आपल्या घराण्याचे उपाध्ये कोण हे ठाऊक नसेल तर गावातल्या दुसऱ्या कुठल्याही जुन्या घराला विचारा. पुष्कळदा गावाचे किंवा त्या भागाचे उपाध्ये ठरलेले असतात. घाटावर विचारलं तरी गाव आणि आडनाव सांगताच लोक योग्य घराकडे धाडतात. आम्हाला तसंच कळलं.

गुरुजींनी आधी गाववार सूची काढली आणि तिच्यावरून वहीचं पान. वह्या लांबट, उभ्या उघडायच्या, कापडात बांधलेल्या. जुनी पानं जाड आणि तपकिरी, शाई काळीभोर. गाव सापडायला वेळ लागला नाही. कारण मी परगण्याचं नाव सांगू शकले. आमच्या घराण्याची सर्वात जुनी नोंद मोडीत होती. गुरुजींनी ती वाचून दाखवली, पण मधली दोन नावं आणि वर्षाचा शेवटचा आकडा पाण्याच्या डागात गेला होता. शके १८० इतकंच दिसत होतं, पुढे डाग. त्यांची परवानगी घेऊन फोटो काढले आणि संध्याकाळी शिक्षकांना पाठवले.

उत्तर आलं ते मुद्दाम इथे लिहिते, कारण ही पद्धत कुणालाही वापरता येईल. नोंदीत संवत्सराचं, म्हणजे पंचांगातल्या वर्षाचं, नाव होतं: बहुधान्य. संवत्सरं साठ, प्रभवापासून क्षयापर्यंत, आणि चक्र पुन्हा सुरू होतं. शकात बारा मिळवायचे आणि साठाने भागायचं. बाकी उरेल तो संवत्सराचा क्रम, आणि शून्य उरलं तर साठावा, म्हणजे क्षय. शके १८०० मध्ये बारा मिळवले की १८१२, भागून बाकी बारा, आणि बारावा संवत्सर बहुधान्य. डागाखालचा आकडा शून्यच. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. नोंद पौष ते फाल्गुन या महिन्यांतली असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात. आमची मार्गशीर्षातली, म्हणजे १८७८. दख्खनचा मोठा दुष्काळ १८७६ ते १८७८ चा आणि त्याची झळ सातारा जिल्ह्याला चांगलीच लागली होती. खापरपणजोबांच्या अस्थी त्याच सुमारास आल्या आहेत. ते दुष्काळात गेले असं मात्र मी वंशावळीत लिहिलेलं नाही. वहीत कारण नाही, आणि जे कागदावर नाही ते आपल्या मनाने लिहिलं की पुढच्या पिढीला ते खरंच वाटतं.

त्या नोंदीने आम्हाला खरा धक्का दिला तो पुढच्या ओळीत. अस्थी घेऊन आलेल्या खापरपणजीबरोबर दोन मुलगे होते. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले ते एकाच मुलाचं नाव, आमच्या पणजोबांचं. दुसरा मुलगा धाकटा, त्याचं नाव आत्याने जन्मात ऐकलं नव्हतं. ती वहीकडे कितीतरी वेळ बघत राहिली आणि मग गुरुजींना म्हणाली, ‘याचं पुढे काय झालं ते बघता का?’ गुरुजींनी पुढची पानं उलटली. विसाव्या शतकातल्या एका नोंदीत, आता बाळबोध म्हणजे देवनागरी अक्षरात, त्या धाकट्याच्या मुलाने वडिलांच्या अस्थी आणल्या होत्या: मूळ गाव आमचंच, हल्ली वस्ती इंदूर. खाली त्याची आई, बायको, भाऊ, मुलं. जमिनीच्या कागदांत हा माणूस कुठेही नाही.

बायकांच्या नावांविषयी एक गोष्ट आवर्जून सांगते. मोडी नोंदींत पुरुषांची नावं ‘अमुक बिन तमुक’ अशी ओळीने येतात आणि गुरुजी घाईत असले तर तेवढीच वाचून दाखवतात. ‘मातोश्री’, ‘भार्या’ किंवा ‘कुटुंब’ या शब्दांच्या पुढे काय आहे ते वाचा म्हणावं. नाव पुष्कळदा असतं. आमच्या खापरपणजीचं नाव घरातल्या एकाही कागदावर नव्हतं, ते इथे मिळालं. सासरचं नाव बदललेलं असू शकतं, म्हणून माहेरच्या गावाचाही उल्लेख आहे का पाहा. असला तर त्या गावाची वही उघडायला सांगा. कदाचित तीच बाई मुलगी म्हणून तिथे भेटेल.

फोटोंबद्दल. परवानगीवाचून एकही काढू नका; या वह्या त्या घराण्यांच्या खासगी मालकीच्या आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी जपल्या आहेत. फ्लॅश बंद ठेवा, खिडकीजवळच्या उजेडात काढा. आधी पूर्ण पान, मग आपली नोंद, मग तिच्या वरची आणि खालची नोंद. शेजारच्या नोंदी परक्यांच्या असल्या तरी त्या मोडी वाचणाऱ्याला फार उपयोगी पडतात, कारण त्याच हातचं अक्षर तिथे स्पष्ट असतं. मोडीत शिरोरेघ आधी ओढून तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात, शब्द सुटे नसतात, वेलांटी-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. एकाच ओळीवरून अंदाज बांधणं जड जातं. हे फोटो मदतनिसाकडेच राहू द्या, सगळ्यांसमोर टाकू नका. शेजारच्यांची नोंद ही त्यांची गोष्ट आहे. तसंच, हयात माणसांच्या जन्मतारखा कुणालाही पाठवू नका.

मदत मागताना एक पथ्य पाळा. ‘इथे माझ्या पणजोबांचं नाव आहे ना?’ असं विचारू नका. तसं विचारलं की वाचणाऱ्याला तेच दिसू लागतं. नुसता फोटो द्या, गाव सांगा, वाचन मागा. मग तोच फोटो दुसऱ्या जाणकाराला द्या, पहिल्याचं वाचन न दाखवता. दोघांचं जुळलं तर ते पक्कं धरायचं. आमच्या धाकट्याचं नाव दोघांनी वेगवेगळं वाचलं होतं, आणि इंदूरच्या बाळबोध नोंदीने शिक्षकांचं वाचन खरं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकेश्वरला गेलो. नाशिकहून तीसेक किलोमीटर, एसटी सारखी असते. तिथल्या उपाध्यांच्या वह्या वेगळ्या आणि त्या बघायलाच हव्यात. तिथल्या कुशावर्त कुंडावर येणाऱ्या प्रत्येकाने नाशिकला नोंद केलेली असते असं नाही. आमच्या हाती तिथे फारसं नवं लागलं नाही, पणजोबांची एक नोंद मिळाली आणि नातं पुन्हा एकदा जुळलं. ज्यांच्या घराण्याची पंढरपूर किंवा काशी-गयेची परंपरा आहे त्यांनी तिकडे विचारावं. हरिद्वारसारख्या काही तीर्थांच्या वह्यांची छायाचित्रं फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर विनामूल्य बघता येतात.

उपाध्यांना द्यायच्या दक्षिणेचं ठरीव माप नाही. कुणी आकडा सांगत नाही, म्हणून हात आखडू नका. दोन-तीन तास कुणी वह्या उघडून बसतं, त्याचा मान ठेवून द्या.

परत आल्यावर सगळी नावं सरकारी कागदांशी ताडून पाहिली. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. कोतवाल बुकात जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी मिळतात, आणि मृत्यूची तारीख आत्याने सांगितलेल्या श्राद्धतिथीशी जुळते का ते पंचांग लावून बघता येतं. आमच्या पणजोबांच्या बाबतीत जुळली. फेरफार मागताना आजचा गट नंबर देऊन भागत नाही. जमिनीचे तुकडे एकत्र करून गट पाडणारा तुकडेजोड कायदा १९४७ चा, गट त्यानंतरचे. त्याआधीच्या नोंदी सर्व्हे नंबरावर आहेत. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढायला मुख्याध्यापकांना भेटा. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरं बाहेर काढली गेली, त्यामुळे कितीतरी मोडी कागद आता बघायला मिळू लागले आहेत. आपल्या जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आधी शोधून मगच खेप घाला. इनामाची, वतनाची गोष्ट असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर आहे. मोडी स्वतः शिकायची इच्छा असेल तर पुराभिलेख संचालनालय प्रशिक्षण वर्ग घेतं. मी शिकते आहे, आणि घरातले जुने कागद आता थोडे थोडे उकलू लागले आहेत.

इंदूरचं घर शोधून दिलं ते पुण्याच्या बाईंनी. त्यांच्या ओळखीतल्या ओळखीतून त्या शाखेतल्या एका काकूंपर्यंत निरोप गेला. मी पहिल्याच फोनला नातं सांगितलं नाही. नोंदीचा फोटो पाठवून ‘ही नावं तुमच्या घरातली आहेत का, सवडीने बघून सांगाल का,’ एवढंच विचारलं. अनोळखी माणसाने एकदम भाऊबंदकी सांगितली की लोकांना जमिनीची शंका येते, त्यात त्यांचं काही चुकत नाही. काकूंनी स्वतःहून फोन केला. त्यांच्या घरात आमच्या गावाचं नाव फक्त कुलदैवताच्या आरतीनंतर घेतात, ते गाव कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

जायची वेळ निवडताना पितृपक्ष टाळा, उपाध्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. २०२७ मध्ये सिंहस्थ आहे, त्यामुळे शक्य असेल त्यांनी गर्दी वाढायच्या आधीच जाऊन यावं. आणि वही बघून झाली की आपली नोंद करून या, मुलींची, सुनांची, त्यांच्या माहेरची नावं घालून, हल्लीच्या वस्तीसकट. मुलगी लग्न होऊन कुठे गेली तेही लिहायला सांगा. आम्ही त्या खेपेला नोंद केली नाही, कारण धाकट्या शाखेचं नाव कळल्यावर अर्धीच वंशावळ लिहून यायला आत्या तयार नव्हती. आता इंदूरच्या काकूंशी बोलून ठरलं आहे की सिंहस्थ आटोपला की दोन्ही घरांची मिळून एकच नोंद करायची. त्यांच्याकडच्या तीन पिढ्यांतल्या सुनांची माहेरची नावं अजून जमायची आहेत. आत्या दर रविवारी काकूंना त्यासाठी फोन करते.