टेप थांबत होती, ड्राइव्ह नाही

नवा एलटीओ-८ टेप ड्राइव्ह, म्हणजे चुंबकीय टेपवर डेटा साठवणारं यंत्र, सर्व्हरला जोडला आणि रात्री नऊला पहिला पूर्ण बॅकअप लावून घरी गेलो. डेटा चार टेराबाइट. ड्राइव्हचा वेग, कॉम्प्रेशन न धरता, सेकंदाला ३६० मेगाबाइट. म्हणजे साधारण तीन तासांचं काम. सकाळी आठला येऊन बघतो तर दीड टेराबाइटसुद्धा झालेलं नाही. एररही एक नाही.

सर्व्हर रूममध्ये ड्राइव्हपाशी कान नेला. सर्रर्र, मग टक, मग टेप मागे जाते, पुन्हा सर्रर्र. वीस-पंचवीस सेकंदांनी तेच. बूट पॉलिश करताना फडकं मागेपुढे घासतात तशी टेप हेडवर, म्हणजे ड्राइव्हच्या लिहिण्या-वाचण्याच्या भागावर, घासली जात होती. याला शू-शायनिंगच म्हणतात. यात वेग तर जातोच, शिवाय टेप आणि हेड दोन्ही झिजतात. नव्या कोऱ्या ड्राइव्हचा तो आवाज मला ऐकवेना. बॅकअप तिथेच थांबवला.

केबल बदलली, ड्राइव्ह ज्या कार्डाला जोडला होता त्याचा ड्रायव्हर पाहिला. काही नाही. हेड साफ करणारी क्लीनिंग टेप घालायचा मोह झाला, पण ड्राइव्हने मागितल्याशिवाय ती घालू नये, तिने हेड घासला जातो. पुरवठादाराचे इंजिनिअर फोनवर म्हणाले, "साहेब, ड्राइव्हच बदलून देतो." मी म्हटलं, "संध्याकाळपर्यंत थांबा."

आधी डीडी या डेटा कॉपी करणाऱ्या कमांडने टेपवर नुसती शून्यं लिहिली. वेग ३६०च्याही वर! क्षणभर आनंद झाला, मग लक्षात आलं की शून्यं ड्राइव्ह स्वतःच दाबून इवलीशी करतो, तो आकडा काही कामाचा नाही. म्हणून एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर, ५० गिगाबाइटची, दाबता न येणाऱ्या रँडम डेटाची फाइल आधी बनवून ठेवली आणि मग ती टेपवर पाठवली. ३४०. आवाज एकसारखा, कुठे खंड नाही. ड्राइव्ह निर्दोष होता.

म्हणजे दोष वाचण्याच्या बाजूला. फायली एका गठ्ठ्यात बांधणाऱ्या टार या कमांडला थेट डेव्ह-नलमध्ये, म्हणजे लिहिलेलं सगळं फेकून देणाऱ्या जागी, लिहायला सांगितलं तर तो फायली उघडतच नाही, नुसती नावं मोजून मोकळा होतो. म्हणून मध्ये पाइप टाकून टारचा डेटा कॅट या दुसऱ्या कमांडमधून तिकडे सोडला. सेकंदाला ३५ मेगाबाइट! सगळं तिथेच उलगडलं. जुन्या फिरत्या डिस्कवर स्कॅन केलेल्या कागदांच्या लाखो बारीक फायली होत्या, एकेक शोधून वाचण्यात डिस्कचा दम जात होता. टेप फार हळू चालवता येत नाही. एका किमान वेगाच्या खाली डेटा आला की ती थांबते, मागे जाते आणि पुन्हा धाव घेते.

डिस्क लगेच बदलणं शक्य नव्हतं. म्हणून फायली आधी एसएसडीवर मोठ्या टार गठ्ठ्यांत जमवायच्या आणि गठ्ठा पूर्ण झाला की मगच टेप चालवायची, असं स्क्रिप्ट लिहिलं. जमवायला वेळ लागतो तो लागतोच, पण तेवढा वेळ टेप निवांत असते. इंजिनिअरना फोन करून ड्राइव्ह बदलू नका म्हणून कळवलं.

रात्री पहिला गठ्ठा सुटला तेव्हा ड्राइव्हशेजारीच उभा होतो. अडीच मिनिटं उलटून गेली आणि टेप थांबली. छातीत धस्स झालं. पण ९६० मीटरची टेप टोकाला पोचली होती. ती वळली आणि उलट्या दिशेने लिहीत सुटली.