सहाशे मीटर आणि आमचं मैदान

खेलो इंडियाच्या शारीरिक क्षमता चाचण्या घ्यायचं काम आमच्या जिल्हा परिषद शाळेत माझ्याकडे आलं. बाकी सगळं सुरळीत पार पडलं, पण ६०० मीटरच्या धावण्याने जो वैताग दिला तो अजून डोक्यातून जात नाही.

पहिली ते तिसरीला उंची-वजन, फ्लेमिंगो बॅलन्स आणि प्लेट टॅपिंग (टेबलावरच्या दोन चकत्यांना एकाच हाताने आलटून-पालटून भराभर हात लावणं) एवढंच असतं. फ्लेमिंगोत एका पायावर मिनिटभर उभं राहायचं आणि तोल किती वेळा गेला ते आपण मोजायचं. मी आधी काही दिवस मधल्या सुट्टीनंतर लंगडी घेतली. पाय सरावले, भीतीही गेली. चौथीपासून पुढे ५० मीटर, बसून पुढे वाकणं, कर्ल-अप, पुश-अप. ५० मीटर सरळ जागा शाळेत नाही, म्हणून ग्रामपंचायतीसमोरच्या रस्त्यावर सकाळी लवकर उरकलं.

आता ६०० मीटर. त्याला २०० किंवा ४०० मीटरचा ट्रॅक हवा. आमचं मैदान ध्वजस्तंभापासून हापशापर्यंत. मधोमध खुंटी ठोकली, ९ मीटर ५५ सेंटिमीटर दोरी ताणली आणि फक्कीने गोल आखला. एक फेरी ६० मीटर, म्हणजे दहा फेऱ्या. फेऱ्यांचा घोळ नको म्हणून प्रत्येकाला एक जोडीदार दिला, त्याच्या मुठीत दहा चिंचोके. फेरी पुरी झाली की एक चिंचोका डब्यात. "पळ पळ, तीनच राहिले!" असा कल्ला सुरू झाला, चाचणीचं दडपण कुणालाच उरलं नाही.

तक्ता गेला आणि तालुक्याहून फोन आला. "बाई, तुमच्या मुलांना इतका वेळ कसा लागला? पुन्हा घ्या." मी सांगितलं, एवढ्या लहान गोलात सारखं वळावं लागतं, मुरमावर पाय सरकतो, पोरं वेग कशी धरणार? उत्तर आलं, "ते लिहायला तक्त्यात रकाना नाही." मुलाचा दम मोजायचा आणि तो कुठे पळाला हे विचारायचंच नाही? कुणीतरी सुचवलं, थोडे सेकंद कमी करून पाठवा, कोण बघतंय. मी साफ नकार दिला. पाचवीतल्या पोराने जीव तोडून दिलेली वेळ मी खोडणार नाही.

शेवटी शेजारच्या गावातल्या हायस्कूलचं मैदान मिळालं, २०० मीटरच्या तीन फेऱ्या. बहुतेकांच्या वेळा चांगल्याच खाली आल्या. पोरं तीच, फक्त मैदान बदललं. मी दोन्ही तक्ते, आमच्या मैदानाचं मापासहित रेखाचित्र आणि मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र स्वतः नेऊन दिलं, पोच घेतली. नंतर फोन आला नाही.

तुमचंही मैदान लहान असेल तर हे पत्र पहिल्याच तक्त्याबरोबर लावा आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका. ६०० मीटरमध्ये मधे चाललं तरी चालतं, हे मुलांना आधीच सांगा. हे कळल्यावर आमच्याकडची एक मुलगी, जी आधी रांगेतच उभी राहत नव्हती, अर्धं चालून, अर्धं पळून पूर्ण करून आली. खिचडी खाल्ल्याबरोबर पळवू नका. आणि प्लेट टॅपिंगला टेबल मुलाच्या कमरेच्या उंचीचं हवं. आम्ही लहानग्यांना बाकाशी उभं केलं.