वडाळ्याची दिंडी आणि अर्धा लाडू

नायगावच्या आमच्या शाळेत गॅदरिंग व्हायचं, स्पोर्ट्स डे व्हायचा, पण खरी वाट बघायचो ती आषाढीच्या दिंडीची. एकादशीच्या आदल्या दिवशीच निघायची, कारण खुद्द एकादशीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराबाहेर मुंगीला पण जागा नसते, तिथे एवढी पोरं कुठे घुसवणार? मुलींच्या डोक्यावर प्लास्टिकच्या कुंडीतली तुळस, आम्हाला झब्बा-लेंगा, कपाळाला बुक्का आणि वरून धो धो पाऊस, त्यामुळे फाइव्ह गार्डन येईस्तोवर बुक्का नाकावरून ओघळून सगळी गँग कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी दिसायची.

निघायच्या आधी ग्राउंडवर रिंगण. घोडा म्हणजे पुठ्ठ्याचं तोंड लावलेली दहावीतली दोन पोरं. एका वर्षी पुढचा डावीकडे पळाला, मागचा उजवीकडे, घोड्याचे झाले दोन तुकडे आणि हेडबाईंसकट अख्खी शाळा हसून लोळली.

मूल्यशिक्षणाचा तास वेगळा असायचा हां. वहीत सुविचार उतरवून घ्यायचे, खाली रेघ मारायची. त्यातलं आज एक अक्षर आठवत नाही. पण दिंडीच्या आधी मराठीचे सर वर्गात गप्पा मारायचे ते आठवतं. एकदा त्यांनी सांगितलं की पंढरपूरला नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे, देवळाच्या बाहेर. कोणीतरी विचारलं, सर, बाहेर का? सर म्हणाले, 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा कुठे ते देऊळ अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्यांना उघडलं, म्हणजे चोखोबा गेल्यावर सहाशे वर्षांनी, बाकीचं घरी विचारा. मी विचारलं. बाबा गिरणीतून सेकंड शिफ्ट करून आलेले, जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, तुझ्या आज्याने कळसालाच हात जोडलेले. बास. परत आमटी भुरकायला लागले.

आणि सक्ती कोणावर नसायची. वर्गातल्या एकाच्या घरून दिंडीला नको म्हणाले होते, त्यांचा धर्म वेगळा. बाईंनी ना टोमणा मारला ना समजूत घालत बसल्या, त्याला पाण्याच्या पिंपाचा आणि पेल्यांचा चार्ज देऊन टाकला, मग तोच सगळ्यांत मोठ्याने ओरडायचा, ए रांगेत या रे! (घटनेच्या 28 व्या कलमात हेच लिहिलंय हे मला कॉलेजात कळलं. बाईंनी ते वाचलं होतं का, काय माहीत.)

वारीत लहानमोठा बघत नाहीत, समोरच्याच्या पाया पडतात. आमच्याकडे देवळातून परत आल्यावर तेच. पहिल्या हेडबाई, त्या शिपाई मामांच्या पाया पडायच्या. मामा दरवर्षी दोन पावलं मागे सरकायचे, बाई दरवर्षी वाकायच्याच. मग आमच्या दोन रांगा समोरासमोर.

आठवीत माझं माझ्या बेंचवरच्या दोस्ताशी बोलणं बंद होतं. सातवीच्या परीक्षेत माझी कंपासपेटी गायब झाली आणि मी सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलं होतं. ती मे महिन्यात घरीच सापडली, कपाटाच्या मागे. शाळा सुरू झाल्यापासून सांगीन सांगीन म्हणत होतो, पण तोंडच उघडत नव्हतं. त्या दिवशी रांगेत नेमका तोच समोर, सरांनी मुद्दाम उभं केलं होतं की काय देव जाणे. दोघं एकदमच वाकलो आणि डोक्यावर डोकं आपटलं, असं सणसणीत की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याच्या आडोशाने मी बोलून टाकलं, कंपास घरी सापडली रे.

"कधी?"

"मेमध्ये."

तो कपाळ चोळत बघत राहिला. मग खिशातून राजगिऱ्याचा लाडू काढला, मोडला, मोठा तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि छोटा मला दिला.